मुठीचं माप

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉन म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तयार मालाची तपासणी करण्यात त्यांची अडतीस वर्षं गेली. केसाइतका फरक दिसला तरी तुकडा लाल पेटीत जायचा, मग तो साध्या कामगाराने केलेला असो नाहीतर मालकाच्या जावयाने. "माप माणूस ओळखत नाही," असं ते म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून त्यांना घड्याळ दिलं, तर आठ दिवसांनी यांनी फोन करून कळवलं की ते दिवसाला चार सेकंद मागे पडतं. जित्याची खोड, दुसरं काय.

तर असे हे मायक्रॉन एका बुधवारी सकाळी, कोटाच्या खिशात जाडी मोजायचा व्हर्नियर आणि पिशवीत एक जुनी वही घेऊन, शहराच्या कडेच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये तलवार निवडत उभे होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन शिपायाची तलवार, म्हणजे अर्थातच तिची नक्कल. पण नक्कल अस्सल हवी होती. शेडमध्ये तेलाचा वास होता आणि त्यात हाड घासल्याचा, दातांच्या डॉक्टरकडे येतो तसला वास मिसळला होता. नाटक कंपन्यांना आणि संग्रहालयांना जुनी हत्यारं बनवून देणारा कारागीर चष्म्याला दोरी बांधून एका पात्यावर कानस फिरवत होता.

"कुणासाठी?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मुलीसाठी. शाळेत इतिहास शिकवते."

शिकवायची, असं म्हणायला हवं होतं. चूक लक्षात आली तरी मायक्रॉननी ती तशीच राहू दिली. असं त्यांच्या हातून आयुष्यात फार वेळा झालं नसेल.

मुलीला घरात साहेब म्हणत. चार वर्षांची असताना ती बापाच्या खुर्चीत बसून बापानेच केलेला चहा नापास करायची, तेव्हापासून हे नाव पडलं. खाण तशी माती. मोठी झाली, इतिहासाची शिक्षिका झाली, तरी तिच्या तावडीतून काही सुटायचं नाही. वर्तमानपत्रातली चूक असो, पाहुण्यांनी सांगितलेली फुशारकी असो, साहेब तिथल्या तिथे दुरुस्त करायच्या. लग्न केलं नाही, आईबापांजवळच राहिली, आणि जेवणाच्या टेबलावर बापलेक एकमेकांच्या चुका काढत बसले की आई म्हणायची, "मला एकटीलाच तेवढी चुकायची परवानगी आहे या घरात."

आणि एक गोष्ट या घरात होती, ती दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. लोक भिंतीवर रेघ मारून मुलांची उंची मोजतात. मायक्रॉन दर वाढदिवसाला मुलीच्या उजव्या हाताच्या चार बोटांची जाडी व्हर्नियरने मोजायचे आणि वहीत लिहायचे. अंगठा नाही; अंगठ्याला साहेब गुदगुल्या होतात म्हणून हातच लावू देत नसत. व्हर्नियरचे जबडे गार लागले की ती लहानपणी "बाबा, गार!" म्हणून हात ओढून घ्यायची. म्हणून ते आधी व्हर्नियर शर्टाच्या आत धरून ऊब द्यायचे आणि मग बोटाला टेकवायचे. पहिल्या वाढदिवसापासून तिसाव्यापर्यंत वहीत तीस ओळी होत्या, एका ओळीत चार आकडे. एकतिसावी ओळ कोरी होती.

ती कोरी कशी राहिली, तेच या माणसाच्या काळजात रुतून बसलं होतं.

वर्गात मुलांना दाखवायला साहेबांना एक रोमन तलवार हवी होती. मायक्रॉननी तीन महिने कुणाला न सांगता शोधाशोध केली आणि एकतिसाव्या वाढदिवसाला लांबलचक, झगझगीत, मुठीवर सोनेरी सिंह असलेली तलवार टेबलावर ठेवली. लेकीने ती उचलली आणि तिला हसू फुटलं. वाईट बुद्धीने नव्हे, सवयीने. "बाबा, ही नाटकातल्या राजाची आहे. त्यांची आखूड असते, गर्दीत भोसकायला. मुठीच्या टोकाला नट आहे बघा, आवळायचा. आणि ही गंजणार नाही कधी. खरी तलवार गंजते, बाबा. मूठ तर माणसाच्या बोटांसाठी असते, हाडाची, चार खाचांची. ही कुणाच्याच हातासाठी नाही."

अडतीस वर्षं दुसऱ्यांचा माल नापास करणाऱ्या माणसाला स्वतःचा एक तुकडा नापास झालेला सोसला नाही.

"तुला काहीही आणून दिलं तरी तू चुकाच काढणार."

"शिकले कुणाकडून?" ती अजून हसतच होती.

शब्दाने शब्द वाढला. त्यांनी शर्टाच्या आत ऊब देऊन ठेवलेला व्हर्नियर काढला, डबीत घातला आणि डबी बंद केली. बायको म्हणाली, "अहो, मोजा तरी." लेकीने हात पुढे केलेला होता, टेबलावर, पालथा. मायक्रॉन म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसे चार महिने दोघंही एका घरात कामापुरतं बोलत राहिले. चौथ्या महिन्यात साहेबांना ताप आला. तीन दिवसांत तो डोक्यात गेला आणि सगळं संपलं. शेवटच्या संध्याकाळी मायक्रॉननी तिचा हात हातात घेतला तेव्हा तो सुजलेला होता, सुया टोचून टोचून. मोजण्यासारखा राहिला नव्हता.

या गोष्टीला आठ महिने झाले होते.

कारागिराने पोत्यावर चार तलवारी मांडल्या. मायक्रॉननी त्या एकेक करून तपासल्या. नापास मालाची कारणं ते कधी विसरत नसत, आणि ही कारणं तर लेकीच्या आवाजात पाठ होती. पहिलीच्या मुठीच्या टोकाला नट होता. दुसरीचं पातं चार बोटं जास्त लांब. तिसरीचं पोलाद नुसतं चकचकीत, थुंकी लावली तरी डाग धरायचं नाही. चौथी मात्र चांगली होती: हातभर लांबीचं सरळ पातं, शेवटी एकदम निमुळतं झालेलं टोक, मुठीच्या शेवटी लाकडी गोळा आणि त्यातून आरपार येऊन ठोकून चपटी केलेली पात्याचीच सळई. मूठ बैलाच्या हाडाची. त्यांनी पिशवीतून वही काढली, तिसावी ओळ उघडली आणि खाचा मोजल्या. प्रत्येक खाच दोन मिलिमीटर जास्त भरली.

"पुरुषाचा हात आहे हा," ते म्हणाले.

"मग नवी करून देईन. दोन महिने लागतील."

मायक्रॉनचं लक्ष मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे खिळ्याला एक तलवार टांगलेली होती, चौथीसारखीच, फक्त पात्यावर मुठीजवळ गंजाचा एक छोटा तपकिरी ठिपका.

"ती?"

कारागिराची कानस थांबली. "ती दोनदा विकली. दोनदा परत आली."

"काय दोष आहे?"

"मूठ. इथे बसते म्हणतात हातात, घरी गेल्यावर बसत नाही."

मायक्रॉननी ती स्वतःच खिळ्यावरून काढली. हाड थोडं पिवळं पडलेलं होतं. चार खाचा. त्यांनी व्हर्नियर लावला. तर्जनी सोळा पूर्णांक चोवीस. मधलं सोळा अडुसष्ट. अनामिका पंधरा ऐंशी. करंगळी चौदा बारा. त्यांनी वहीत पाहिलं, पुन्हा मोजलं, पुन्हा वहीत पाहिलं. तिसाव्या ओळीत हेच चार आकडे होते. शतांशापर्यंत.

अडतीस वर्षांत दोन तुकडे त्यांना इतके सारखे मिळाले नव्हते. पण योगायोगालाही कुठेतरी घडावंच लागतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि डोळे पुसायला चष्मा काढला.

"घेतो," ते म्हणाले.

कारागिराने ती फडक्यात गुंडाळून दिली. "तेल लावत जा," एवढंच म्हणाला.

घरी बायकोने फडकं उघडून पाहिलं.

"आता आणलीत होय," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. नळ कितीतरी वेळ चालू राहिल्याचा आवाज येत राहिला.

मायक्रॉननी तलवार लेकीच्या टेबलावर ठेवली, मुलांच्या तपासायच्या राहून गेलेल्या वह्यांशेजारी. साधा रोमन शिपाई तलवार उजव्या बाजूला लटकवायचा, हेही तिनेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणून उजव्या बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर सवयीने त्यांनी मूठ पुन्हा मोजली आणि आकडे एका चिठ्ठीवर लिहिले. सगळे दोन-चार शतांशांनी कमी आले. हाड सुकतं, त्यांनी मनाशी म्हटलं. घरातली हवा शेडपेक्षा कोरडी.

तिसऱ्या दिवशी आणखी कमी. मग एक दिवस तर्जनी वाढली आणि करंगळी तेवढीच राहिली. सुकणारं हाड वाढत नाही. त्यांनी व्हर्नियरवर संशय घेतला, घरात जपून ठेवलेला मापाचा पोलादी ठोकळा काढला, शून्य तपासलं. व्हर्नियर निर्दोष होता. दहा दिवस असे शतांशांच्या खेळात गेले, आणि खरं सांगायचं तर आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं. बायकोच्याही ते लक्षात आलं असावं, कारण तिने त्या खोलीत चहाचे दोन कप आणून ठेवायला सुरुवात केली.

बाराव्या दिवसानंतर मात्र फरक डोळ्यांना दिसायला लागला. खाचा अरुंद होत होत्या, आणि अरुंद होता होता पात्याच्या बाजूला सरकत होत्या. मागे उरलेलं हाड गुळगुळीत होत होतं, कधी कोरलंच नव्हतं असं. भुकटी कुठे पडलेली नव्हती. सोळाव्या दिवशी मायक्रॉन तलवार घेऊन शेडमध्ये गेले.

कारागिराने फडकं उघडून मुठीकडे पाहिलं आणि लगेच झाकलं.

"रोज मोजता?"

"म्हणजे काय?"

"पहिला घेऊन आला तेव्हा मूठ सपाट होती. एकही खाच नाही. मला वाटलं त्याने घासली. भांडलो मी त्याच्याशी." त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मी पुन्हा कोरल्या नाहीत हो. नुसती टांगून ठेवली होती. दुसरं गिऱ्हाईक आलं त्या सकाळी बघतो तर चार खाचा."

"आणि दुसऱ्याने का परत केली?"

"त्याने नाही. त्याच्या सुनेने आणून दिली. तेव्हाही सपाट."

"तो स्वतः?"

"मी विचारलं नाही. सून म्हणाली, सासरे शेवटी शेवटी फार लहान झाले होते." कारागिराने कानस पुन्हा हातात घेतली. "म्हातारपणी माणूस लहानच होतो म्हणा. ठेवून जाता?"

मायक्रॉननी फडकं पुन्हा गुंडाळलं आणि तलवार काखेत घेतली. "नाही," ते म्हणाले.

एकविसाव्या सकाळी त्यांनी मूठ हातात घेतली. तीन खाचा होत्या त्याच प्रमाणात लहान झाल्या होत्या. तिसरी, अनामिकेची, एकदम फुगली होती. मोजली. सतरा भरली.

असं बोट त्यांनी एकदा मोजलं होतं.

त्यांनी वही काढली. नववी ओळ. अकरा ऐंशी, बारा चाळीस, सतरा, दहा दहा. सतराच्या पुढे कंसात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: सूज. नवव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी त्यांनी घाईत मोटारीचं दार लावलं होतं आणि लेकीचं बोट त्यात सापडलं होतं. ती रडली नव्हती. "बाबा, तुम्ही बघितलं नाहीत," एवढंच म्हणाली होती, तपासनीसाच्या मुलीला शोभेल अशा आवाजात.

त्यांनी चिठ्ठीवरचे एकवीस दिवसांचे आकडे वहीशेजारी ठेवले. एकोणतिसावी ओळ, अठ्ठाविसावी, सत्ताविसावी. एका सकाळी एक वर्ष. ओळीमागून ओळ, एकही शतांश न चुकता.

त्यांनी बायकोला हाक मारली. तिने वही पाहिली, चिठ्ठी पाहिली, मग आपली करंगळी त्या तिसऱ्या खाचेत ठेवली. तिथे ती सैल बसली.

"ठणकत असायचं तिला रात्री," ती म्हणाली. "मी फुंकर घालत बसायचे."

त्या दिवशी त्यांनी व्हर्नियर डबीत घातला. आठ दिवस मोजलं नाही, आणि आठ दिवस मूठ तशीच राहिली. बायको रोज सकाळी करंगळी लावून पाहायची: सूज तेवढीच, खाच तेवढीच. म्हणजे न मोजलं तर ती जात नव्हती. आणि मोजत राहिलं तर मूठ सपाट व्हायला नऊच सकाळी उरल्या होत्या. हिशेब इतका सोपा होता की शाळेतल्या मुलानेही सोडवला असता. व्हर्नियर डबीत राहू द्यायचा, झालं.

नवव्या दिवशी बायको चहाचे कप घेऊन आली आणि पायाशी बघत म्हणाली, "आठव्या वाढदिवसाला तिने केस कापून घेतले होते. स्वतःच. कात्रीने."

मायक्रॉननी वहीची आठवी ओळ उघडली.

"एकदाच मोजा," ती म्हणाली. "आठवा एकदा बघू दे मला."

त्यांनी व्हर्नियर काढला आणि थेट टेकवायला निघाले. जबडे हाडाला लागले मात्र, हाड त्यांच्या तळहातात आकसलं. किंचितच. गार पाण्यात पाय घालणारं मूल आकसतं तेवढंच. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मायक्रॉननी व्हर्नियर शर्टाच्या आत छातीशी धरला, शंभर आकडे मोजले, आणि पुन्हा टेकवला. मूठ उबदार होती. चार आकडे आले. आठव्या ओळीचे.

मोहाला अंत नसतो. दुसऱ्या दिवशी सातवी. त्यानंतर सहावी. सकाळी दोघं आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून त्या खोलीत जायचे. ते आकडे सांगायचे, ती वहीत बोट ठेवून ताडून पाहायची, आणि मग दोघं दिवसभर त्या एका वर्षाबद्दल बोलायचे. सातव्या वर्षीचा पडलेला दात. सहाव्या वर्षीचा शाळेत जायचा हट्ट आणि तिथे पोचल्यावर परत यायचा हट्ट. पाचव्या ओळीच्या दिवशी तर दोघं इतके हसले की शेजारीण दारात येऊन चौकशी करून गेली. आठ महिने ज्या घरात भांड्याला भांडं लागल्याचाही आवाज झाला नव्हता, तिथे हसू ऐकून बिचारी घाबरलीच.

चौथी. तिसरी. दुसरी.

दुसऱ्या ओळीच्या खाचा नखाएवढ्या होत्या, पात्याला अगदी चिकटून. बायकोने वही मिटली.

"पुरे. एक वर्ष तरी ठेवा."

"हो."

"तुमच्याच्याने राहवणार नाही. द्या इकडे." तिने व्हर्नियर घेतला, कपाटात आपल्या लुगड्यांखाली ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. मग कपाटाला टेकून तिथेच खाली बसली आणि रडली, लेक गेली त्या दिवशी रडली होती तशी. मायक्रॉन तिच्याशेजारी बसून राहिले. रडता त्यांना येत नव्हतं. पुढच्या वर्षी बघू, हे शब्द लेक गेल्यापासून त्यांचा पिच्छा सोडत नव्हते, आणि सगळी वर्षं उलटी मोजून झाली तरी एकतिसावी ओळ कोरीच होती.

पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी पहाटे, उजाडायच्या आधीच्या करड्या उजेडात, त्यांना अर्धवट जाग आली. उजव्या हाताच्या बोटाला काहीतरी गार लागल्यासारखं झालं. दोन्ही बाजूंनी. मग पुढच्या बोटाला. त्यांनी हात पांघरुणात ओढून घेतला आणि कूस बदलली.

सकाळी ते लेकीच्या खोलीत गेले. वही टेबलावर उघडी होती. एकतिसाव्या ओळीत पेन्सिलने चार आकडे लिहिलेले होते.

अक्षर साहेबांचं होतं. नवाची शेपटी ती अशी लांब ओढायची, मुलांच्या गुणपत्रिकांवरसुद्धा.

खुर्चीत बसून त्यांनी त्या ओळीवरून हात फिरवला आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदा ते ढसाढसा रडले. ओळ भरली होती. तिने ती कोरी ठेवली नव्हती. बायको धावत आली, तिनेही पाहिलं, आणि वही छातीशी धरून ती येरझाऱ्या घालत राहिली.

जरा वेळाने मायक्रॉननी चष्मा पुसला आणि आकडे नीट वाचले. वीस चाळीस. एकवीस शून्य दोन. एकोणीस साठ. सतरा नव्वद.

"हे तिचे नाहीत," ते म्हणाले.

"असं कसं?"

"फार मोठे आहेत. किल्ली दे."

कपाटाला कुलूप होतं. लुगड्यांखाली डबी होती, डबीत व्हर्नियर होता, जसा ठेवला होता तसा. मायक्रॉननी तो डाव्या हातात धरला आणि स्वतःच्या उजव्या हाताला लावला. तर्जनी वीस चाळीस. मधलं एकवीस शून्य दोन. पुढची दोन बोटं मोजायची गरज नव्हती, पण त्यांनी मोजली. तपासणी अर्धवट सोडायची नाही.

"तिने तुम्हाला मोजलं," बायको हळूच म्हणाली. तिचे डोळे आनंदाने भरले होते. "राग गेला हो तिचा."

"हो," ते म्हणाले.

तिने व्हर्नियर पुन्हा कुलपात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गार लागलं. या वेळी त्यांनी हात ओढून घेतला नाही. उजाडल्यावर खोलीत जाऊन पाहिलं. एकतिसाव्या ओळीखाली बत्तिसावी ओळ लिहिलेली होती. वीस तेहतीस. वीस शहाण्णव. एकोणीस बावन्न. सतरा चौऱ्याऐंशी.

त्यांनी दोन्ही ओळींतला फरक मनातल्या मनात काढला. मग न्हाणीघरात जाऊन तोंड धुवायला लागले. उजव्या अनामिकेत त्यांची लग्नातली अंगठी होती. वीस वर्षांपासून ती सांध्याच्या अलीकडे येत नव्हती. एकदा सोनाराने साबण लावून, दोरा गुंडाळून ओढली होती तरी निघाली नव्हती. साबणाशिवाय, नुसत्या पाण्याने ती घसरली आणि बेसिनमध्ये पडून गोल गोल फिरत राहिली.

"काय पडलं हो?" बाहेरून बायकोने विचारलं.

"काही नाही."

त्यांनी अंगठी उचलून खिशात टाकली. मग लेकीच्या खोलीत जाऊन पेन्सिलला नीट टोक काढलं, ती वहीच्या घडीत ठेवली आणि तलवारीच्या पात्याला तेल लावलं.

तिसऱ्या पहाटे ते आधीच जागे होते. डोळे मिटून, उजवा हात पांघरुणाबाहेर काढून, पालथा ठेवून पडले होते. शेजारी बायको झोपली होती, किल्ली तिच्या गळ्यात होती. बऱ्याच वेळाने तर्जनीला दोन्ही बाजूंनी ते टेकलं. त्यांनी हात स्थिर ठेवला.

आज ते गार नव्हतं.